अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि बोलणं: थांबायचं किती, बघायचं काय?

बोलाफुलाला | सोमवार, रात्री ९.१०

"दोन महिने आधी झालंय ना, मग बोलायलाही उशीर होणारच. थांबा जरा." अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी आलं की हे वाक्य येतंच. आजी म्हणते, शेजारी म्हणतात, कधी डॉक्टरही म्हणतात. पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्यात मुलाचं वर्ष-दीड वर्ष निघून जातं, आणि तेही मेंदू सगळ्यात वेगाने शिकत असतो त्या काळातलं. वाचा-उपचाराच्या बाजूने मी सुरुवात करते. कान, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि बालवाडी यांतल्या जाणकारांनी पुढे भर घालावी.

आधी हिशोब. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं ते अपुऱ्या दिवसांचं. ४० आठवड्यांतून जन्माच्या वेळचे आठवडे वजा करायचे, आणि जो फरक येईल तो आजच्या वयातून काढायचा. याला दुरुस्त वय म्हणतात. ३० आठवड्यांना जन्मलेलं बाळ १० आठवडे, म्हणजे साधारण सव्वादोन महिने आधी आलेलं असतं. कॅलेंडरप्रमाणे १२ महिन्यांचं झालं तेव्हा त्याचं दुरुस्त वय पावणेदहा महिने असतं. त्या दिवशी त्याच्याकडून पहिल्या शब्दाची अपेक्षा करू नका. "बाबाबा", "दादादा" अशी अक्षरांची माळ मात्र अपेक्षित आहेच. वाट बघायची ती एवढ्याच फरकाची, त्याहून जास्त नाही. सव्वादोन महिन्यांची सूट सव्वा वर्षावर नेऊ नका. आणि लसीकरणाला ही सूट अजिबात लागू नाही, लशी जन्मतारखेप्रमाणेच.

दुरुस्त वयाने हे बघा. ३ महिन्यांपर्यंत आवाजाने शांत होणं, चेहऱ्याकडे बघून "अंऽ, ऊंऽ" करणं. ९ महिन्यांपर्यंत नाव घेतल्यावर वळणं. १० महिन्यांपर्यंत अक्षरांची माळ आली नाही तर त्याच आठवड्यात कानाची तपासणी ठरवायची. १२ महिन्यांना बोट दाखवून मागणं, टाटा, टाळ्या, नमस्कार यांतलं काहीतरी. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा २ वर्षांना "बाबा ये", "अजून दूध" अशी दोन शब्दांची जोडी नाही, तर आणखी थांबायचं नाही. आलेलं बोलणं किंवा हावभाव निघून गेले तर वय कितीही असो, लगेच दाखवायचं.

माझ्या मते यात सगळ्यात मोलाचं लक्षण म्हणजे बोट दाखवणं. शब्दांच्या आधी ते येतं. "मला जे दिसतंय ते तुलाही दिसावं" ही इच्छा त्यात असते, आणि भाषा तिच्यावरच उभी राहते.

कर्णफूल | सोमवार, रात्री १०.०२

कानाबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते.

नवजात बाळाच्या कानाच्या दोन तपासण्या असतात. ओएईमध्ये कानात छोटा प्रोब ठेवून आतल्या शंखातल्या बाह्य केसपेशी काम करतात का ते बघतात. बेरामध्ये डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाचा संदेश श्रवणनसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो का ते मोजतात. एनआयसीयूत ५ दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही, बेरावर आधारित तपासणी हवी. या बाळांमध्ये शंख चांगला पण नस संदेश नीट नेत नाही, असा आजार दिसतो. त्याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. त्यात ओएई व्यवस्थित येते, कागदावर "पास" लिहिलं जातं, आणि दीड वर्षाने मूल बोलत नाही म्हणून शोध सुरू होतो. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "हिअरिंग नॉर्मल" असेल तर कोणती तपासणी केली ते विचारून घ्या.

जास्त जोखीम कुणाला? कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं, जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही प्रतिजैविकं ५ दिवसांहून जास्त चालली, मेंदूज्वर झाला, जन्मताना प्राणवायू कमी पडला, आईला गरोदरपणात सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग झाला. ही औषधं जीव वाचवणारी आहेत, ती दिली म्हणून कुणाला दोष द्यायचा नाही. दिली होती हे लक्षात ठेवून कान तपासायचे, इतकंच.

वेळापत्रक १-३-६ : पहिल्या महिन्यात चाळणी (प्राथमिक तपासणी), तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि उपचार सुरू. बाळ दीर्घकाळ रुग्णालयात असेल तर पहिला महिना पाळता येत नाही, मग घरी सोडण्याआधी तरी चाळणी व्हावी.

उलट्या बाजूची चूकही होते. ३४-३५ आठवड्यांना केलेल्या बेरामध्ये लहरी उशिरा येतात, कारण नसेवरचं आवरणच अजून पुरं झालेलं नसतं. त्या एका कागदावरून "बहिरं आहे" असं ठरवायचं नाही. दुरुस्त वय ३ महिने व्हायच्या सुमारास पुन्हा करायची. न्यूरोपथीचं चित्रही काही अपुऱ्या दिवसांच्या बाळांत पहिल्या वर्षभरात सुधारतं, म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा) निर्णय घाईने घेत नाहीत. पण मधल्या काळात हात बांधून बसायचं नसतं. दर २-३ महिन्यांनी तपासणी आणि संवादाचं काम चालू ठेवायचं.

तपासणीला जाताना बाळाला वाटेत झोपवू नका. भुकेलं, पेंगुळलेलं न्या आणि तिथे पाजा, म्हणजे गाढ झोप लागते. लोकलमध्ये झोपून दादरला जागं झालेलं बाळ बेराच्या टेबलावर पुन्हा झोपत नाही, मग झोपेचं औषध किंवा दुसरी तारीख. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. कानाच्या पडद्यामागे पाणी असलं तरी तपासणी बिघडते. ६ महिन्यांखालच्या बाळाची टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी तपासणी) १००० हर्ट्‌झच्या प्रोब टोनने करायची असते. मोठ्यांसाठीच्या २२६ हर्ट्‌झने ती फसवी येऊ शकते.

मुंबईत वांद्रे रेक्लेमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि नायर रुग्णालयात १९६६ पासून श्रवण व वाचा-उपचाराची शाळा चालते. श्रवणयंत्र आणि इम्प्लांटसाठी केंद्राची एडिप (दिव्यांगांना साधनं देणारी) योजना आहे. इम्प्लांटच्या भागाची नोडल संस्था वांद्र्याचीच आहे.

दादर_पूर्व | मंगळवार, सकाळी ७.४५

फार उपयोगी माहिती. दोन प्रश्न. बाळ अजून काचेच्या पेटीत असताना त्याच्याशी बोलून काही उपयोग होतो का? आणि घरी वेखंड-मधाचं चाटण द्यायला सांगतात, जीभ हलकी होते म्हणून. ते द्यावं का?

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९.३०

उपयोग होतो, आणि त्यावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये ३२ आणि ३६ आठवड्यांच्या टप्प्यावर बाळांजवळचा १६ तासांचा आवाज रेकॉर्ड केला गेला. माणसांचं बोलणं त्यात अगदी थोडं होतं, बाकी यंत्रं आणि शांतता. ३२ आठवड्यांना, म्हणजे देय तारखेच्या दोन महिने आधीच, बाळं स्वतःचे आवाज काढत होती, आणि आईवडील जवळ असताना ते आवाज जास्त होते. २०१४ साली याच गटाने पुढचा निष्कर्ष छापला : ३२ आठवड्यांना तासाला १०० शब्द जास्त कानावर पडले तर १८ महिन्यांच्या भाषेच्या गुणांकात २ गुणांची वाढ दिसली. बाळं थोडी होती, आणि हा संबंध आहे, कारणाचा पक्का पुरावा नव्हे. पण जे करायला पैसे लागत नाहीत आणि अपाय होत नाही, ते करायला एवढा आधार पुरे.

पण कसं बोलायचं ते शिकून घ्या. एका वेळी एकच : आवाज, नाहीतर स्पर्श, नाहीतर चेहरा. तिन्ही एकदम नको. हळू, नेहमीच्या सुरात, एका वेळी एकाच माणसाने. बाळाने कपाळाला आठ्या घातल्या, तोंड फिरवलं, जांभई, शिंक किंवा उचकी आली, पंजा पसरला, रंग बदलला, मॉनिटरवर ऑक्सिजन खाली आला, तर ते "पुरे" सांगतंय. गप्प बसा, हात स्थिर ठेवा, मिनिटभराने बघा. शिंकेला लोक सर्दी समजतात, या बाळांत ती अनेकदा थकव्याची खूण असते.

एनआयसीयूतला आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा ही शिफारस आहे, आणि ती पाळणं अवघड जातं. पेटीच्या खिडक्या दोन्ही हातांनी, खटका न वाजवता लावायच्या. पेटीवर बाटली, फाइल, मोबाईल ठेवायचा नाही, काचेवर टिचकी मारायची नाही. बाहेर हलकी वाटणारी टिचकी आत दणका होऊन पोचते. फोनवर गाणी लावून पेटीत ठेवणं नकोच : फोन जंतूंचं घर आहे, आणि थांबायचं कधी ते त्याला कळत नाही.

कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं, मिळेल तितकी करा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस दिवसाला ८ ते २४ तासांची आहे. बाळ उभं, छातीला छाती, मान किंचित वर, नाक मोकळं, पाय बेडकासारखे. वडील, आत्या, आजी कुणीही करू शकतं. त्यात हलकेच गुणगुणलं की बाळाला आवाज कानाने आणि छातीच्या कंपनाने दोन्हीकडून मिळतो. एका वेळी निदान तासभर तरी. वारंवार काढ-घाल केली तर बाळ दमतं.

चाटणाबद्दल चांदोबांनी लिहावं.

चांदोबा | मंगळवार, दुपारी २.१५

वर्षाच्या आत मध नाही. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे शिशूंना बोटुलिझम होऊ शकतो, स्नायू लुळे पडतात, श्वास थांबू शकतो. वेखंडाने बोलणं येतं याला आधार नाही. उगाळलेलं चाटण श्वासनलिकेत जाण्याचा धोका मात्र खरा आहे, कारण चोखणं-गिळणं-श्वास यांची जुळणी ३४ आठवड्यांच्या आसपास बसू लागते आणि पुढेही या बाळांत कच्ची राहू शकते. कानात-नाकात तेल घालायचं नाही. शेक-धुरी तर अजिबात नको : ज्या बाळाला व्हेंटिलेटर लागला त्याची फुप्फुसं अजून सावरत असतात. आजींना दुखवायचं नसेल तर मालिश त्यांच्याकडे द्या आणि मालिश करताना बोलायला सांगा. अंगाच्या भागांची नावं घेत केलेली मालिश हा भाषेचाच धडा आहे.

आता मेंदूचं. ३४ आठवड्यांना मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या साधारण ६५ टक्के असतं. शेवटच्या सहा आठवड्यांचं काम आईच्या पोटाबाहेर, दिव्यांच्या आणि अलार्मच्या गदारोळात होतं. म्हणून "फक्त महिनाभरच आधी" म्हणून ३४-३६ आठवड्यांच्या बाळांना पाठपुराव्यातून वगळू नये. त्यांचा धोका कमी आहे, शून्य नाही, आणि संख्येने तीच जास्त आहेत.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग, जिथून वेगवेगळ्या केंद्रांना जोडणाऱ्या तारा जातात. रक्तस्राव झाला तर तो बहुधा पहिल्या ७२ तासांत होतो. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत त्याची १ ते ४ अशी श्रेणी लिहितात. १ आणि २ मध्ये बहुतेक मुलं छान वाढतात, ३ आणि ४ मध्ये पाठपुरावा कडक हवा. पण सोनोग्राफी चांगली म्हणजे सगळं चांगलं, असंही नाही. तारा सूक्ष्म पातळीवर विस्कळीत असतील तर त्या तिथे दिसत नाहीत. मग त्याचा परिणाम शब्दांच्या संख्येत कमी आणि वेगात जास्त दिसतो : मूल समजून घ्यायला वेळ घेतं, लक्ष टिकत नाही, तीन गोष्टी एकदम डोक्यात धरता येत नाहीत.

डोळे विसरू नका. ३४ आठवड्यांखालची किंवा २००० ग्रॅमखालची सर्व बाळं जन्मापासून ३० दिवसांच्या आत आरओपीसाठी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी) तपासायची, २८ आठवड्यांखालची किंवा १२०० ग्रॅमखालची २ ते ३ आठवड्यांतच. दिसत नसेल तर बोट दाखवणं, चेहरा वाचणं, वस्तूचं नाव जोडणं हे सगळंच अडतं. लोहाचंही तसंच : डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहिलेले थेंब बंद करू नका, आणि दर भेटीत वजन वाढलं की मात्रा पुन्हा विचारा. जुनीच मात्रा महिनोन्‌महिने चालू राहणं ही नेहमीची चूक आहे.

खाडीपलीकडे | मंगळवार, रात्री ११.२०

मुलगे उशिरा बोलतात असंही ऐकतो. आणि घरात मराठी, सांभाळणाऱ्या ताई हिंदी, पुढे शाळा इंग्रजी. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला एकच भाषा ठेवावी का?

बोलाफुलाला | बुधवार, सकाळी १०.०५

मुलग्यांमध्ये सरासरी फरक असतो, पण तो एखाद-दोन महिन्यांचा. दोन वर्षांचा मुलगा दोन शब्द जोडत नाही, याचं उत्तर "मुलगा आहे" हे नव्हे. उलट अपुऱ्या दिवसांत मुलग्यांचा धोका मुलींपेक्षा जास्त असतो, म्हणून त्याला सूट कमी द्या.

भाषा तोडू नका. दोन-तीन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. आई मराठीत भरभरून बोलत असेल आणि कुणाच्या सल्ल्याने मोडक्या इंग्रजीत "कम, सिट, ईट" म्हणू लागली, तर मुलाचं नुकसान होतं, कारण गोष्ट, लाड, रागावणं, समजावणं हे सगळं आटतं. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजा : "पाणी" आणि "वॉटर" दोन्ही म्हणत असेल तर ते दोन शब्द.

घरी काय करायचं, तर बोलायचं, थांबायचं, आणि मुलाने जे केलं त्याला उत्तर द्यायचं. थांबणं सगळ्यांना अवघड जातं. मनात दहा आकडे मोजा. या मुलांना उत्तर तयार करायला वेळ लागतो, आणि मोठी माणसं दोन सेकंदांतच दुसरा प्रश्न टाकतात, मग मूल प्रयत्न सोडून देतं. चेहरा २० ते ३० सेंटिमीटरवर. मूल पंख्याकडे बघतंय तर पंख्याबद्दलच बोला, त्याचं लक्ष बाहुलीकडे ओढू नका. "हे काय आहे? सांग. सांग ना" ही परीक्षा बंद. त्याऐवजी "पंखा. पंखा फिरतोय. गरगर." आणि थांबा.

मम, भूऽ, भुर्र, जोजो, पापा हे शब्द बोबडे म्हणून टाळू नका. त्यांत बहुतेकदा एकच अक्षर दोनदा येतं किंवा ते ओठांवर दिसतं, म्हणून ते आधी जमतात. मूल "भू" म्हणालं की तुम्ही "हो, भूभू आला" म्हणायचं. चूक काढायची नाही, एक पायरी वाढवायची.

दिवसातून १०-१० मिनिटांची तीन-चार सत्रं, तीही अंघोळ, मालिश, भरवणं, कपडे वाळत घालणं यांच्यातच. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर टीव्ही चालू असेल तर आधी तो बंद करा. मूल बघत नसलं तरी घरातल्या माणसांचं बोलणं कमी होतं, आणि गोंगाटातून शब्द वेगळा काढणं या मुलांना विशेष जड जातं. मोबाईलवरची बडबडगीतं थांबून वाट बघत नाहीत, म्हणून ती या कामाला येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना २ वर्षांखाली स्क्रीन नकोच म्हणते. गावच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल, तिथे समोरून उत्तर येतं.

पाटीपेन्सिल | बुधवार, सायंकाळी ६.४०

इथवरचं सगळं पहिल्या तीन वर्षांचं झालं. मला पुढचं लिहायचं आहे, कारण "बोलायला लागला" म्हटलं की फाइल बंद होते, आणि तिथून दुसरी अडचण सुरू होते.

२०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा असं दिसलं की अपुऱ्या दिवसांच्या मुलांत ३ ते १२ वर्षांच्या दरम्यान गुंतागुंतीच्या भाषेतला फरक वयाबरोबर वाढत जातो. चित्रावर बोट ठेवून शब्द ओळखणं जमतं, म्हणून वरवरच्या चाळणीत मूल पास होतं. अडतं ते लांब वाक्यात, सूचनेत, गोष्ट सांगण्यात.

मराठीत हे कुठे दिसतं? साडेचार-पाच वर्षांच्या मुलात लिंग आणि क्रियापद जुळत नाही : "मी पोळी खाल्लं". सामान्यरूप चुकतं : "घोडाला", "शाळात". असं अधूनमधून सगळीच मुलं म्हणतात, सतत आणि सगळीकडे होत असेल तर लक्ष द्या. "जेवायच्या आधी हात धू" म्हटलं की आधी जेवायला बसतं, कारण ऐकलेला पहिला शब्द धरून ठेवलेला असतो. "ज्याच्या हातात फुगा आहे तो मुलगा दाखव" यात गोंधळतं. ळ उशिरा येतो, त्याची चिंता नको. वाक्य तुटतंय त्याची करा.

घरी बघायला चार गोष्टी. "चप्पल काढ, डबा ओट्यावर ठेव आणि बाबांना हाक मार" ही तीन पायऱ्यांची सूचना एकदाच, बोट न दाखवता द्या. अर्थ नसलेले शब्द म्हणून घ्या : तमोल, पिसाकू, बदिमुरा, नगोतिपेला. तीन अक्षरी जमतात आणि चार-पाच अक्षरी कोसळतात तर ऐकलेला आवाज डोक्यात धरण्यात अडचण आहे, आणि नवे शब्द शिकणं त्यावरच अवलंबून असतं. चार चित्रं लावून गोष्ट सांगायला द्या : "मग", "म्हणून", "पण" येतात का, की नुसती वस्तूंची नावं? चौथा, उलटा खेळ : मी "डोकं" म्हटलं की तू पाय धरायचे. हात मध्येच थांबवून नियम आठवणं म्हणजेच पुढे वर्गात लक्ष देणं. चौथा वगळून बाकी तपासणीसाठी आठवड्यातून एकदाच करा. उलटा खेळ मात्र रोज खेळा, तो सरावच आहे.

गणितही सांभाळा. खूप आधी जन्मलेल्या मुलांना वाचनापेक्षा गणित जास्त जड जाताना दिसतं. पायऱ्या चढताना मोजणं, पोळ्या वाटणं, "जास्त-कमी", "मध्ये-शेवटी" हे शब्द हाताने वस्तू हलवत शिकवा. वहीत आकडे गिरवून यातलं काही येत नाही.

आता प्रवेशाचं. शाळेला दुरुस्त वय माहीत नसतं. आपल्याकडे नर्सरीला ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं पूर्ण हवीत. ज्याची देय तारीख फेब्रुवारीची होती आणि जन्म डिसेंबरात झाला, ते मूल हक्काच्या वर्षापेक्षा एक वर्ष आधी वर्गात बसतं, आणि वर्गातलं सर्वांत लहान ठरतं. किमान वय म्हणजे सक्ती नव्हे. एक वर्ष थांबून बालवाडी किंवा अंगणवाडीत ठेवता येतं. भाषा आणि हातांची कामं दोन्ही मागे असतील तर थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त भाषा मागे असेल तर मुलांच्या घोळक्यात असणं जास्त उपयोगी पडतं, मग उपचार चालू ठेवून पाठवा.

चांदोबा | बुधवार, रात्री ९.५०

पाटीपेन्सिल यांच्याशी सहमत, एक दुरुस्ती. फक्त भाषा मागे आहे हे घरी ठरवू नका, मोजून घ्या. आपल्याकडे डासी ही भारतीय मापनपट्टी ३० महिन्यांपर्यंत वापरतात, बेली ही दुसरी. दोन्हींत हालचाल आणि मानसिक वाढ वेगळी मोजली जाते. अहवालात दुरुस्त वय धरलं की जन्मतारखेचं, ते लिहिलेलं असायलाच हवं, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. साधारण २ वर्षांपर्यंत दुरुस्ती करतात, फार आधीच्या बाळांत काही जण ३ पर्यंत. दोन वर्षांचा एक चांगला आकडा पाच वर्षांची हमी देत नाही. ४ ते ५ या वयात एकदा पुन्हा मोजावं, पहिलीच्या आधी उपचाराला वेळ मिळतो.

१८ आणि २४ महिन्यांना ऑटिझमची प्रश्नावलीही भरून घ्या. या मुलांत ती पॉझिटिव्ह जास्त येते, कधी ऑटिझममुळे, कधी नजर, ऐकणं किंवा हालचाल कमी असल्यामुळे. म्हणून ती आली की घाबरून किंवा फेटाळून न देता पूर्ण तपासणी करून घ्यायची.

दादर_पूर्व | गुरुवार, सकाळी ८.१०

सगळ्यांचे आभार. पहिल्या भेटीला जाताना सोबत काय न्यावं?

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ८.५५

डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. त्यावर जन्माचे आठवडे आणि दिवस दोन्ही असावेत, म्हणजे "३१ आठवडे ४ दिवस" असं. नुसतं "प्रीटर्म" लिहिलेलं असेल तर घरी जायच्या आधी लिहून मागा, नंतर रेकॉर्डरूममधून काढायला फेऱ्या होतात. जन्माचं वजन, व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजनचे दिवस, सर्वांत जास्त आलेला बिलिरुबिनचा (काविळीचा) आकडा, प्रतिजैविकांची नावं आणि किती दिवस, टाळूच्या सोनोग्राफीचे सगळे अहवाल, आरओपीचा कागद, बेराचा आलेख छापलेला, नुसता निकाल नव्हे. बाळ घरी कसं आवाज काढतं त्याचा मिनिटभराचा व्हिडिओ करून ठेवा. तपासणीच्या खोलीत बहुतेक बाळं गप्प होतात.

कर्णफूल | गुरुवार, सकाळी ९.२०

आणि कल्याण-विरारहून येणाऱ्यांनी कान, डोळे, विकास या तिन्हींच्या तारखा एकाच दिवशी मागाव्यात, पण बेरा पहिली ठेवावी. डोळ्यांची तपासणी आधी झाली तर बाळ रडून दमतं, थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, आणि त्यानंतर ते शांत झोपेलच असं नाही.